वहिनीच्या मानेचं ऑपरेशन करायचं का? आधी उशीचं बोलू

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून एका भाऊनं विचारलं आहे. त्याची वहिनी १४ महिन्यांपूर्वी भाजली, गळा, छातीचा वरचा भाग आणि डाव्या काखेजवळ. जखमा भरल्या पण हनुवटी छातीकडे ओढल्या गेली, मान वर होत नाही, खालचा ओठ ताणून राहते. डॉक्टर म्हणाले प्लास्टिक सर्जरी करा, मांडीचं कातडं काढून गळ्याला लावू. घरात चार जणांची चार मतं. कोणी म्हणते मांडीचं कातडं काढलं की पाय अधू होतो, कोणी म्हणते आत प्लास्टिक टाकतात, आणि शेजारच्या गावच्या एका बाईचं असंच ऑपरेशन झालं होतं, तिची मान वर्षाच्या आत परत चिकटली. तर करायचं का, खर्च किती, आणि पहिल्यासारखी दिसेल का.

भाऊ, मी सर्जन नाही, आधीच सांगून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट. २३ वर्षं झाली, वर्धा-यवतमाळ पट्ट्यातले जळालेले, मशीनमध्ये हात गेलेले, कुष्ठरोगानं बोटं वाकडी झालेले पेशंट बघून राहिली आहे. सर्जन पेशंटजवळ टेबलावर दोन-तीन तास असतो, मी नंतरचं वर्षभर असते, म्हणून पेशंट जे सर्जनला सांगत नाही ते मला सांगतात, शिव्या पण मलाच देतात. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनं येईल. ऑपरेशन करा, नक्की करा, पण त्या शेजारच्या बाईची मान परत का चिकटली हे आधी समजून घ्या, कारण बहुतेक वेळा ते ऑपरेशन थिएटरमध्ये ठरत नाही, घरी ठरते.

प्लास्टिकचं पहिले निपटवून टाकू. आत काहीच प्लास्टिक टाकत नाहीत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणं, घडवणं, कुंभार मातीला देतो तसं. आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ पण नाही. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात बातमी छापली होती, कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा मराठी माणूस, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं, आणि पुण्याजवळ एका माणसानं कपाळाचं कातडं खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. तो करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता असं त्यात लिहिलं आहे. ते वाचून मग इंग्रज डॉक्टरांनी शिकून १८१४ मध्ये तिकडे तसं ऑपरेशन केलं. तुमच्या गावातल्या काकांना हे सांगा, ते लगेच म्हणतील हे त आपलंच आहे.

आता मांडी. मांडीचं कातडं म्हणजे पूर्ण साल नाही काढत बाप्पा. वरचा थर, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा, कांद्याचा पापुद्रा हातात धरला की पलीकडची बोटं दिसतात तितका पातळ. खालचा थर तिथेच असतो, त्याच्यातून नवीन कातडी आपोआप येते, साधारण दोन आठवड्यांत. स्नायूला, नसेला कोणी हात लावत नाही, पाय अधू व्हायचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट डॉक्टर राउंडमध्ये घाईघाईत सांगतात आणि पेशंटच्या लक्षात राहत नाही, ती म्हणजे गळ्यापेक्षा मांडी जास्त दुखते. पहिले चार-पाच दिवस तिखटाचा हात लागल्यासारखी आग होते. जवळजवळ प्रत्येक बाई मला म्हणते, मॅडम, गळ्याचं ऑपरेशन केलं आणि मांडीले काय करून ठेवलं व माय. हे आधीच माहीत असलं तर घाबरायला होत नाही. मांडीची पट्टी चिकटून वाळते, ती वाळू द्यायची, ओढून काढायची नाही, आपोआप सुटते. एका पेशंटच्या नवऱ्यानं चांगल्या मनानं कोमट पाणी टाकून ती सोलून काढली होती आणि मांडी पुन्हा पहिल्या दिवसावर आली.

नवरे आणखी एक करतात, माझं कातडं घ्या तिला लावा म्हणतात. ऐकून बरं वाटते, पण दुसऱ्याचं कातडं कायमचं धरत नाही, शरीर ते फेकून देते, एकसारख्या जुळ्यांची गोष्ट वेगळी. खूप जळालेल्या पेशंटला काही आठवडे जखम झाकायला दात्यांचं कातडं वापरतात, पण तुमच्या वहिनीला त्याची गरज नाही, तिचं तिलाच लागेल.

ऑपरेशनमध्ये काय होते ते सांगते म्हणजे नंतरचं का करायचं ते कळेल. वणाची आखडलेली पट्टी आडवी कापून मान मागे सोडवतात. बाहेरून वाटते की चार बोटांची पट्टी आहे, पण मान पूर्ण मागे गेली की मधे जी उघडी जागा पडते ती ताटलीएवढी असते, एवढं कातडं तिथे कमी पडलेलं असते. त्या जागेवर मांडीचा पापुद्रा, ह्यालाच ग्राफ्ट म्हणतात, पसरवून टाके किंवा स्टेपलच्या पिना मारतात, वर जाड पट्टी बांधतात, मान हलू नये म्हणून. काखेत जर नुसती दोरीसारखी पट्टी असेल तर तिथे ग्राफ्ट न लावता कातडीचे तिकोनी तुकडे इकडचे तिकडे फिरवूनही काम होते, ते सर्जन पाहून ठरवतील.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगून राहिली आहे. मान मागे होत नसली की भूल द्यायला लय कठीण जाते, कारण श्वासाची नळी टाकताना मान मागे करावीच लागते आणि हिची होतच नाही. म्हणून अशा मानेसाठी दुर्बिणीतून नळी टाकता येणारा, किंवा आधी तेवढा भाग बधिर करून पट्टी सैल करून मग भूल देणारा अनुभवी भूलतज्ज्ञ पाहिजे. सर्जनचं नाव सगळे विचारतात, भूल कोण देणार हे कोणीच विचारत नाही. तुम्ही विचारा. जवळ आहे, स्वस्त आहे म्हणून कुठल्याही छोट्या दवाखान्यात मानेचं करू नका, मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल बघा, आपल्याकडे नागपूर, सेवाग्राम, सावंगी आवाक्यात आहेत.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टी उघडतात. हा दिवस मी इतके वेळा बघितला तरी अजून पोटात गोळा येतो. सलाईननं एक-एक थर भिजवायचा, घाई करायची नाही, कारण वरचं कापड ओढलं तर खालचं कातडं पण त्याच्यासोबत येईल. वास येतो, जुन्या रक्ताचा असतो तो, घाबरू नका. शेवटची जाळी निघाली की सगळे वाकून बघतात. लागलेलं कातडं फिक्कं गुलाबी दिसते, बोटानं दाबलं तर पांढरं होऊन परत रंग भरते. न लागलेलं पांढरट नाहीतर काळपट, खाली पाणी नाहीतर रक्त साचलेलं असते. पहिले दोन दिवस ते कातडं खालच्या ओलाव्यावर जगते, नंतर खालच्या रक्तवाहिन्या त्याला जुळतात, म्हणून तेवढ्या दिवसांत मान हलली, खाली रक्त साचलं किंवा पू झाला की तेवढा तुकडा गेला समजा. थोडा तुकडा गेला तर आभाळ कोसळत नाही, तो कधी आपोआप भरतो, कधी छोटा ग्राफ्ट पुन्हा लावावा लागते.

पेशंट त्या दिवशी आरसा मागते. मी देत नाही. दादागिरी म्हणा पाहिजे तर. पाचव्या दिवशीचा गळा कोणालाच दाखवायच्या लायकीचा नसतो, टाके, पिना, सूज, आणि ती बाई तेच चित्र डोक्यात घेऊन जगते. त्याच्याऐवजी मी आमच्या गुरुवारच्या ओपीडीत वर्ष झालेल्या बायांना नवीन पेशंटच्या बाकावर बसवते. हिनं तिच्या गळ्याला हात लावून बघायचा, विचारायचं ते विचारायचं. त्या दोघी जे बोलतात ते मी ऐकायला गेले की गप्प होतात, म्हणजे माझ्याच शिव्या चालू असतात.

आता दिसण्याचं. नाही, पहिल्यासारखी दिसणार नाही. ग्राफ्टचा रंग वेगळा राहते, आपल्या सावळ्या कातडीवर बऱ्याचदा काळा पडते, कडेला शिवण दिसते, ठिगळ लावल्यासारखं वाटते. कोणी पहिल्यासारखं करून देतो म्हणत असेल तर तिथून उठा. पण तुम्हाला बाहेरून जे दिसते आणि तिला आतून जे वाटते त्यात फार फरक आहे. आर्णीकडची एक बाई होती, तिचीही मान अशीच. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी विचारलं, काय फरक पडला, मला वाटलं ती म्हणेल लोक आता कमी बघतात. ती म्हणाली, मॅडम, मी वरून पाणी पेली. आपल्याकडे शेतात एकाच लोट्यातून सगळे वरून पितात ना, मान मागे करून, ओठ न लावता. तिला दोन वर्षं ते जमत नव्हतं म्हणून बाया तिच्यासाठी वेगळा गिलास आणायच्या. त्या वेगळ्या गिलासाचं तिला गळ्याच्या डागापेक्षा जास्त लागत होतं. तेव्हापासून मी पेशंटला सुरुवातीलाच विचारते की मान सुटली तर पहिले काय करशील. कोणी म्हणते डोक्यावर गवताचा भारा घेईन, कोणी म्हणते तोंड मिटून झोपीन, एकीनं सांगितलं होतं की आढ्याकडे पाहीन, घर गळते का ते मलाच दिसत नाही. तुमच्या वहिनीलाही हे विचारा, उत्तर कागदावर लिहून ठेवा, सहाव्या महिन्यात कंटाळा आला की ते कामी येते.

कारण कंटाळा येतोच. आता त्या शेजारच्या बाईवर येते. तिची केस मी पाहिली नाही, पण माझ्या हातून गेलेली एक सांगते, तिच्यात माझी चूक होती. ग्राफ्ट एकदम छान लागला होता, मान पूर्ण मागे, सर्जन खूश. मी मान मागे ताणून धरणारी कॉलर बनवून दिली, व्यायाम शिकवले, छापील कागद दिला, तिच्या मुलाला सगळं समजावलं, पोट्टा हुशार, बारावीत होता. घरी गेली. पुढच्या तारखेला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आठ महिन्यांनी आली तेव्हा हनुवटी परत छातीला. कॉलर कुठे आहे विचारलं तर म्हणे खुंटीला टांगली आहे. झालं असं होतं की सोयाबीन निघायला आलं होतं, मुलगा कॉलेजच्या गावी गेला, आणि घरात चालते सासूची. सासूला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिला दिसत होतं की सून पट्टा घालून खाटेवर पडून राहते, छताकडे बघत, आणि बाहेर माणसं मिळत नाहीत कापणीला. तिनं म्हटलं ऑपरेशन झालं ना, आता कायचा पट्टा. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. कागद तिला वाचता येत नव्हता, मी मुलाशी बोलून मोकळी झाले होते. त्या बाईचं दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं, दुसरी मांडी वापरून.

लावलेलं कातडं आखडते, हा त्याचा धर्मच आहे. जितकं पातळ तितकं जास्त आखडते. जखमेतल्या पेशी वर्ष-दीड वर्ष जखमेला आत ओढत राहतात, त्यांना कळत नाही की ऑपरेशन झालं, त्यांना फक्त भोक बुजवायचं माहीत. तुम्ही बाहेरून ताणून धरायचं, त्या आतून ओढणार, वर्षभर ही रस्सीखेच. कॉलर पहिले सहा महिने दिवसरात्र, जेवताना, आंघोळीला आणि मालिशीला काढायची. पुढचे सहा-आठ महिने निदान रात्री तरी. छाती आणि काखेसाठी घट्ट शिवलेलं जाकीट असते, प्रेशर गारमेंट म्हणतात, दिवसाचे २३ तास, दोन जोड लागतात, एक धुवायचा एक घालायचा, आणि दोन-तीन महिन्यांत सैल पडला की नवा. काखेसाठी हात आडवा वर धरून ठेवणारी कडक पट्टी, म्हणजे स्प्लिंट, देतील, रात्री त्यानं झोप लागत नाही, पहिले आठवडाभर रडतात बाया, नंतर सवय होते.

आणि उशी. उशी घरातून काढून टाका. ऑपरेशनची वाट पाहू नका, आजच काढा. मान आखडलेल्या माणसाला उशी घेतली की आराम वाटते, म्हणजे तो आराम मानेला परत खाली घेऊन जातो. ऑपरेशननंतर डोक्याखाली काहीच नाही, उलट खांद्याखाली चादरीची गुंडाळी, म्हणजे डोकं आपोआप मागे पडते. मी घरी भेट द्यायला गेले की पहिले खाटेवर उशी आहे का बघते, कॉलरपेक्षा खरं ते सांगते.

मालिश खोबऱ्याच्या तेलानं, दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं, पण जखम पूर्ण भरल्यावर. नुसतं तेल चोपडायचं नाही, अंगठ्यानं दाबून वण पांढरा पडेपर्यंत, जागेवरच गोल. लावलेल्या कातडीत तेलग्रंथी, घामग्रंथी जवळपास नसतात, म्हणून ती कोरडी पडते आणि खाजते. खाज म्हणजे काय ते ज्याला झाली त्यालाच माहीत, रात्री जास्त, बाया झोपेत खाजवून रक्त काढतात. नखं कापा, तेल लावा, डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या, सहन करत बसू नका. वण लाल, टणक, उचललेला राहिला तर सिलिकॉनची पट्टी असते, इंजेक्शनं असतात, त्याचं तिथे बघतील.

आता आपल्या भागातली खरी अडचण, ऊन. घाम न येणारं कातडं, वरून जाड कॉलर, वरून घट्ट जाकीट, आणि मे महिन्यात ४५ डिग्री. पुस्तकात २३ तास लिहिलं आहे, पण पुस्तक लिहिणारा चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यात राहिला नसेल. सगळे पेशंट म्हणतात कापसाची वेचणी झाली की ऑपरेशन करू, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, आणि मग सगळ्यात नाजूक महिने बरोबर उन्हाळ्यात येतात. म्हणून जमत असेल तर दिवाळी झाल्या झाल्या करा. वेचणीची मजुरी बुडेल, मला माहीत आहे ते कमी नाही, पण थंडीचे चार महिने कॉलरला मिळतात आणि उन्हाळा येईपर्यंत सवय झालेली असते. उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर, आत सुती पातळ कापड, कॉलर काढून दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं पुसून परत. लाइट गेली तर ओला दुपट्टा. बाहेर निघताना गळा झाकून, नवीन कातडीला ऊन लागलं की काळी पडते आणि मग तो काळेपणा जाता जात नाही.

हे फक्त भाजलेल्यांचं नाही. सोयाबीनच्या दिवसांत हडंब्यात, म्हणजे मळणीच्या मशीनमध्ये, हात गेलेले येतात, हाताच्या मागचं सगळं कातडं सोलून निघालेलं, नसा उघड्या. त्याला नुसतं पातळ कातडं लावून भागत नाही, म्हणून हात जांघेच्या कातडीला शिवून ठेवतात, तीन आठवडे. म्हणजे माणूस तीन आठवडे खिशात हात घातल्यासारखा बसून, झोपून. जांघेतून त्या कातडीला रक्त मिळत राहते, तोपर्यंत हाताकडून नवीन रक्तपुरवठा जुळतो, मग मधून कापून वेगळं करतात. एक पुसदकडचा धिप्पाड गडी, बायकोच्या हातानं जेवायला लाजायचा, म्हणून पहिले दोन दिवस उपाशीच राहिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, लहानपणी आईच्या हातानं जेवला नाही का बे. तेव्हा जेवला. त्याला नंतर खांदा धरला, कोपर धरलं, बोटं ताठ. तीन आठवडे न हलवलेले सांधे सोडवायला चार महिने गेले. कातडं लावायचं काम सर्जनचं होतं, मूठ वळायचं काम त्याचं स्वतःचं.

कुष्ठरोगाच्या हाताचं तर सगळं गणितच नंतरचं आहे. आपल्या विदर्भात हे लोकांनी जवळून पाहिलं, वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन. बोटं वळून पंजासारखी झाली की चांगल्या स्नायूची दोरी काढून बोटांना जोडतात. मनगट उचलणारा स्नायू आता बोटं सांभाळणार. पण डोक्याला कुठे माहीत आहे ते? प्लास्टर निघाल्यावर पेशंट म्हणतो, मॅडम, मी एक सांगतो, बोट दुसरंच करते. मग मनगट उचल म्हणायचं आणि बोटांकडे बघत राहायचं, दिवसातून शंभरदा, आणि एका सकाळी बरोबर होते. ज्यांनी नाही केलं त्यांचं ऑपरेशन फोटोत यशस्वी आणि चहाचा कप मात्र हातात नाही.

एक गोष्ट नाजूक आहे पण लिहिते. वहिनी कशी भाजली हे तुम्ही लिहिलं नाही आणि मी विचारत पण नाही. केसपेपरवर स्टोव्हचा भडका लिहिलेलं असते, आणि बोलता बोलता कळते की घरात दहा वर्षांपासून गॅस आहे, स्टोव्ह माळ्यावर. पहिल्या दिवशी मी कधीच खोदून विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मालिश करताना, दोघीच असलो की कधी कधी खरं बाहेर येते. पेशंट कॉलर का घालत नाही, व्यायाम का करत नाही ह्याचं कारण कधी कधी आळस नसते, तिला बरं होऊन कुठे जायचं हेच माहीत नसते. तुमच्या घरी तसं काही नसेल, तुम्ही दीर असून एवढं विचारून राहिले म्हणजे नसेलच. तरी तिला एकटीला डॉक्टरांशी, सिस्टरशी बोलायला वेळ मिळू द्या, दारात उभे राहू नका. आणि हे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर १८१ हा महिलांचा फोन नंबर आहे, लागतो.

खर्चाचं पटकन. महात्मा फुले जन आरोग्य योजना, जिला पहिले लोक राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे, तिच्यात भाजून आखडलेलं अंग सोडवायचं ऑपरेशन बसते, काम सुधारण्यासाठी असेल तर. नुसतं दिसण्यासाठी असेल तर नाही. म्हणून कागदावर मान वर होत नाही, ओठ मिटत नाही हे लिहिलेलं पाहिजे, फोटोसकट. रेशनकार्ड, आधार घेऊन जा, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असते, तिथेच विचारा की पॅकेजमध्ये स्प्लिंट आणि गारमेंट धरले आहेत का, भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. खरा खर्च पुढचा आहे, वर्षभर महिन्याला येणं-जाणं, सोबत एक माणूस, दोघांची बुडालेली मजुरी. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे ते बरं झालं. तो सगळा हिशोब आधी मांडा आणि मगच तारीख घ्या.

तारखेच्या आधी करायच्या गोष्टी. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या, आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, पुष्कळ आहे आणि भूल देणाऱ्याला ते आधी माहीत असलं पाहिजे. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर आतापासून गोळ्या चालू करा, ऐन वेळी तारीख रद्द होते आणि एसटीचे पैसे जातात. वहिनी तंबाखू किंवा दाताला लावायचा तंबाखूचा गुडाखू लावत असेल तर महिनाभर आधी बंद, नंतरही बंद, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि नवं कातडं उपाशी मरते. बायांना हे विचारलं की नाही म्हणतात, म्हणून मी दात बघते. आणि कुठल्या जुन्या वणावर न भरणारी जखम असेल, महिनोनमहिने चिघळत असेल, तर ती ऑपरेशनच्या आधी दाखवा, जुन्या जळक्या वणात क्वचित कॅन्सर होतो, तो बघून घेतलेला बरा.

१४ महिने झाले म्हणजे वण बऱ्यापैकी पिकला असेल, लाली उतरली असेल, खाज कमी झाली असेल, वेळ बरोबर आहे. आज रात्रीपासून उशी बंद, खोबऱ्याचं तेल चालू, आणि दिवसातून दहादा आढ्याकडे बघायचं, जेवढं होईल तेवढं, दहा आकडे मोजत. आणि पहिल्या भेटीला याल तेव्हा तुमच्या आईला नक्की सोबत आणा. वहिनी त्या दिवशी नाही आली तरी मी चालवून घेईन, आईशिवाय याल तर परत पाठवीन.